दुसऱ्याच्या हातून प्रयोग साधावा म्हणून: ‘प्रोटोकॉल्स डॉट आयओ’ या सेवेचे परीक्षण

शोधनिबंधातील ‘साहित्य आणि पद्धती’ हा भाग बहुधा सर्वांत शेवटी आणि सर्वांत घाईने लिहिला जातो. निष्कर्षांवर आठवडेच्या आठवडे खल होतो. कृती मात्र जुन्या निबंधातून उचलून, दोन आकडे बदलून आणि ‘पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे’ असा शेरा मारून संपवली जाते. मुंबईतील एका महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करते. तेथे दरवर्षी हाच प्रश्न उभा राहतो: आधीच्या तुकडीने केलेले काम नव्या तुकडीला, त्या मुलांना फोन न करता, केवळ लिखाणावरून पुन्हा करता येईल का? या प्रश्नापायी आमच्या विभागाने प्रयोगाच्या कृती लिहिण्यासाठी आणि प्रसिद्ध करण्यासाठी ‘प्रोटोकॉल्स डॉट आयओ’ ही संकेतस्थळावरील सेवा वापरायला सुरुवात केली. माझे मत प्रारंभीच सांगते. ही सेवा चांगली आहे आणि विज्ञानाच्या प्रत्येक विभागाने ती वापरावी; परंतु ती लिहिणाऱ्याला प्रश्न विचारते, उत्तरे त्यालाच शोधावी लागतात.

हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांपुरता नाही. कर्करोगाविषयीच्या गाजलेल्या ५३ निबंधांतील १९३ प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा एक मोठा उपक्रम अमेरिकेत हाती घेण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष डिसेंबर २०२१ मध्ये ‘ईलाइफ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मूळ लेखकांना काहीही न विचारता, केवळ निबंध वाचून आराखडा तयार करता येईल, असा एकही प्रयोग त्या १९३ मध्ये आढळला नाही. लेखकांकडे विचारणा केली तेव्हा सुमारे एक तृतीयांश प्रयोगांच्या बाबतीत उत्तरच आले नाही किंवा आले त्याचा उपयोग झाला नाही. अखेरीस २३ निबंधांतील ५० प्रयोगच पूर्ण होऊ शकले. निष्कर्ष खरे की खोटे हा पुढचा प्रश्न; येथे गाडी अडली ती कृतीपाशीच.

या सेवेचा जन्मही अशाच अडचणीतून झाला. तिचे एक संस्थापक लेनी टायटलमन हे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत संशोधन करत असताना सूक्ष्मदर्शकाची एक प्रसिद्ध पद्धत वापरत होते आणि ती काही केल्या जमत नव्हती. दीड वर्षाच्या खटपटीनंतर उलगडा झाला, तो असा की एका रसायनाचे एक मायक्रोलिटर पुरत नव्हते, पाच हवे होते, आणि पंधरा मिनिटांऐवजी तासभर थांबायला हवे होते. हा काही नवा शोध नव्हता, त्यामुळे त्यावर निबंध होण्यासारखा नव्हता. पण ती पद्धत वापरणाऱ्या प्रत्येकाला ही दुरुस्ती कळणे आवश्यक होते. अशा दुरुस्त्यांना हक्काची जागा मिळावी, या हेतूने २०१२ मध्ये या सेवेची स्थापना झाली.

सेवेचा मुख्य गुण तिच्या मांडणीत आहे. येथे सलग परिच्छेद लिहायचा नसून एकेक पायरी स्वतंत्रपणे लिहायची असते. पायरीत वेळ, तापमान, प्रमाण, संहती (द्रावणाची तीव्रता), रसायन, उपकरण आणि अपेक्षित निष्पत्ती यांसाठी वेगळ्या नोंदी घालता येतात. हे दिसते तितके किरकोळ नाही. उदाहरणार्थ, जिवाणूंतून प्लाझ्मिड डीएनए (गुणसूत्राबाहेरचे छोटे, वर्तुळाकार डीएनए) वेगळे करण्याची बर्नबॉइम आणि डोली यांची १९७९ सालची क्षारीय पद्धत घ्या. आमच्याकडील प्रकल्प-अहवालांत तिची दुसरी पायरी वर्षानुवर्षे अशी लिहिली जात असे: ‘द्रावण दोन घालून हळुवार मिसळले व थोडा वेळ ठेवले.’ ज्याने हे केले आहे त्याला यात काही खटकत नाही. ज्याने केलेले नाही, त्याला मात्र ‘हळुवार’ म्हणजे किती आणि ‘थोडा वेळ’ म्हणजे किती हे कसे कळावे? पाककृतीतील ‘चवीपुरते मीठ’ जसे त्या घरच्या माणसालाच कळते, तसेच हे.

त्या नोंदी भरायला घेतल्यावर आमच्या एका विद्यार्थिनीने हीच पायरी पुन्हा लिहिली. ताजे बनवलेले, ०.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ टक्का एसडीएस (पेशींचे आवरण फोडणारे साबणासारखे रसायन) असलेले २०० मायक्रोलिटर द्रावण घाला. झाकण लावून नळी सहा वेळा उलटसुलट करा. व्होर्टेक्सवर (नळी जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर) धरू नका, कारण गुणसूत्रातील डीएनए तुटून त्याचे तुकडे प्लाझ्मिडमध्ये मिसळतात. गढूळ मिश्रण निवळून त्याला तार सुटू लागली की पेशी फुटल्या असे समजा. पाच मिनिटांपेक्षा अधिक काळ थांबू नका. ‘अपेक्षित निष्पत्ती’ या नोंदीत तिने निवळलेल्या नळीचे छायाचित्र जोडले. एक ओळ वाढून पाच झाल्या, पण आता ही पायरी कोणाही नवख्याच्या हाती निर्धास्तपणे देता येते. विशेष मोलाचा आहे तो ‘कारण’ या शब्दाने सुरू होणारा भाग. पायरीमागचे कारण ठाऊक असलेल्या माणसाला अडचण आल्यावर काय बदलता येईल आणि कशाला हात लावायचा नाही, हे स्वतः ठरवता येते.

सेवेची मर्यादाही याच पायरीत दिसते. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतील पाणी शोषून घेतात. जुलै महिन्यात मुंबईच्या हवेत बाटली उघडून वजनकाट्यावर गोळ्या ठेवल्या की त्या डोळ्यांदेखत ओलसर होतात आणि काट्यावरचा आकडा वाढत राहतो. वजन केलेल्यात सोडियम हायड्रॉक्साइड किती आणि पाणी किती हे मग सांगता येत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइडही त्यात मुरतो आणि द्रावणाचा जोर कमी होतो. यावर उपाय म्हणजे थोडे तीव्र द्रावण करून त्याचे पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटशी अनुमापन करणे (म्हणजे या आम्लाचे ठरावीक वजन उदासीन करायला किती द्रावण लागते ते मोजणे), त्यावरून खरी संहती काढणे आणि मगच ते विरल करणे. ही पायरी परदेशातील कोरड्या, वातानुकूलित प्रयोगशाळेत लिहिलेल्या कृतीत सापडणार नाही, आणि सेवेच्या कोणत्याही नोंदीत ती आपोआप सुचणार नाही. ‘कक्ष तापमानाला ठेवा’ या सूचनेचेही तेच. लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा २० ते २५ अंश सेल्सियस असतात; आमच्या बिनवातानुकूलित प्रयोगशाळेत मे महिन्याच्या दुपारी तापमापक ३३ अंश दाखवतो. तापमानाच्या नोंदीत ‘कक्ष तापमान’ असे लिहिले तरी सेवा ते स्वीकारते. आम्ही विभागापुरता नियम केला आहे की हा शब्दप्रयोग करायचा नाही. अंशच लिहायचे, आणि एसी चालू होता की नाही तेही लिहायचे.

अपकेंद्रित्राच्या (नळ्या गरागरा फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या) नोंदीतही अशीच मोकळीक आहे: गती फेऱ्यांमध्येही लिहिता येते आणि गुरुत्वाच्या पटीतही. माझा आग्रह पटीचाच राहील. मिनिटाला १३,००० फेऱ्या या आकड्यावरून बळ कळत नाही, कारण ते रोटरच्या, म्हणजे नळ्या बसवलेल्या फिरत्या भागाच्या, त्रिज्येवरही अवलंबून असते. त्रिज्या ७ सेंटिमीटर असेल तर ते गुरुत्वाच्या सुमारे १३,२०० पट येते आणि ८.५ सेंटिमीटर असेल तर सुमारे १६,००० पट. मुंबईत एकाच इमारतीतील दोन विभागांची यंत्रे वेगवेगळ्या कंपन्यांची असतात, मग दोन शहरांचे काय सांगावे. रसायनांच्या बाबतीत सेवा कंपनीचे नाव आणि कॅटलॉग क्रमांक विचारते, ही तिची फार उपयुक्त सवय आहे. नुसते ‘मॅग्नेशियम सल्फेट’ असे लिहिले आणि वाचणाऱ्याने निर्जल क्षाराऐवजी सात पाण्याचे रेणू असलेला क्षार तेवढ्याच वजनाने घेतला, तर जिवाणू वाढवण्याच्या माध्यमात मॅग्नेशियम हवे त्याच्या निम्म्याहून कमी पडते. कॅटलॉग क्रमांक असला की हा घोळ होतच नाही.

आवृत्त्यांची व्यवस्था मला या सेवेची सर्वांत मोठी कामगिरी वाटते. प्रसिद्ध केलेल्या कृतीला डीओआय (प्रकाशनाचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक) मिळतो, म्हणजे ती निबंधाप्रमाणे संदर्भात देता येते; पुढे बदल केला की नवी आवृत्ती निघते, तिला स्वतःचा डीओआय मिळतो आणि जुनी आवृत्ती जागची हलत नाही. जानेवारी २०२० मध्ये ‘आर्टिक’ या गटाने नव्या करोना विषाणूचा जनुकक्रम वाचण्याची कृती येथेच प्रसिद्ध केली आणि पुढील महिन्यांत तिच्या सुधारित आवृत्त्या निघत गेल्या. जगभरच्या प्रयोगशाळा ती वापरत असताना आपण नेमकी कोणती आवृत्ती वापरली हे प्रत्येकाला सांगता येत होते. छापील निबंधात हे शक्यच झाले नसते.

परळच्या हाफकिन संस्थेचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना या व्यवस्थेचे मोल वेगळे सांगायला नको. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल येथे मुंबईत बनलेली प्लेगची लस टोचल्यानंतर १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतून लस दिली होती. लस निर्जंतुक ठेवण्याच्या पद्धतीत, ती लस शोधणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी कार्बॉलिक आम्ल या जंतुनाशकाच्या बाबतीत बदल केला होता आणि ठपका त्या बदलावर ठेवला गेला. बाटली उघडताना जमिनीवर पडलेल्या आणि नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरलेल्या चिमट्याकडे पुढे लक्ष वेधले गेले, तज्ज्ञांनी जाहीरपणे हाफकिन यांची बाजू मांडली, आणि ते दोषमुक्त होईपर्यंत १९०७ साल उजाडले. कृतीत केव्हा, काय आणि का बदलले याची उघड, तारीखवार नोंद असणे हे प्रसंगी माणसाच्या अब्रूचे रक्षण करणारे ठरते, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्याच्या कृतीची स्वतंत्र प्रत काढून, मूळ लेखकाचे श्रेय कायम ठेवून, तिच्यात आपल्याकडील परिस्थितीप्रमाणे बदल करण्याची सोयही येथे आहे. आम्ही पावसाळ्यातील अनुमापनाची पायरी अशाच प्रतीत घातली. शिवाय प्रत्येक पायरीखाली प्रश्न विचारता येतो. उत्तर सर्वांना दिसते, त्यामुळे तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागत नाही.

येथे प्रसिद्ध होणाऱ्या कृतींची तज्ज्ञांकडून तपासणी होत नाही, हे मात्र नवख्याने पक्के लक्षात ठेवावे. उत्कृष्ट कृतींशेजारीच तीन ओळींत आटोपलेल्या कृतीही असतात आणि दोहोंना डीओआय सारखाच मिळतो. तपासणी हवी असेल त्यांच्यासाठी ‘प्लॉस वन’ या नियतकालिकाने २०२१ मध्ये या सेवेच्या साहाय्याने एक वेगळा लेखप्रकार सुरू केला. त्यात कृती येथे राहते आणि तिच्यासोबतच्या लेखाची रीतसर समीक्षा होते.

काही गोष्टी कोणत्याही चौकटीत आपोआप येत नाहीत. बर्कली आणि बोस्टन येथील दोन नामांकित प्रयोगशाळांना स्तनाच्या ऊतीतील पेशी वेगळ्या करताना एकसारखे निकाल मिळत नव्हते. उपकरणे, रसायने, सगळे पडताळून झाले. अखेर दोन्हीकडच्या संशोधकांनी एकाच टेबलावर शेजारी शेजारी उभे राहून प्रयोग केला, तेव्हा कळले की एकीकडे ऊती जोरात ढवळली जात होती आणि दुसरीकडे ती बराच काळ मंदपणे हलवली जात होती. ढवळण्याच्या रीतीबद्दल विचारावे, हे दोघांपैकी कोणालाच सुचले नव्हते. २०१४ मध्ये त्यांनी हे प्रांजळपणे लिहून प्रसिद्ध केले.

म्हणून आम्ही कृती प्रसिद्ध करण्यापूर्वी एक चाचणी घेतो. ज्याने तो प्रयोग कधी केलेला नाही अशा विद्यार्थ्याला ती फोनवर उघडून देतो आणि लिहिणाऱ्याला शेजारी, तोंड बंद ठेवून, बसवतो. सेवेत पायरी पूर्ण झाल्याची खूण करता येते, घड्याळ लावता येते आणि शेरे लिहिता येतात, त्यामुळे नवखा कोठे थबकला हे नंतर नोंदीत पाहता येते. जेथे तो मान वर करून ‘मॅडम, आता?’ असे विचारतो, तेथे लिखाण अपुरे आहे. मुंबईत बीएस्सीचा विद्यार्थी सत्र संपण्यापूर्वी जर्नल (प्रात्यक्षिकांची वही) सर्टिफाय करून घेण्यासाठी जुन्या जर्नलमधून कृती उतरवून काढतो. त्या लिखाणाचा वाचक परीक्षक असतो, पुन्हा प्रयोग करणारा नव्हे. पदव्युत्तर वर्गात आल्यावर ही सवय मोडायला वेळ लागतो. या चाचणीने ती जितकी लवकर मोडते तितकी माझ्या व्याख्यानांनी कधीच मोडली नाही.

खर्चाविषयी थोडे. सार्वजनिक कृती लिहिणे, वाचणे आणि प्रसिद्ध करणे विनामूल्य आहे. खासगी ठेवायच्या कृतींवर मोफत खात्यात मर्यादा आहे, तेव्हा निबंध येईपर्यंत काम झाकून ठेवू इच्छिणाऱ्या गटांनी त्याचा आधी विचार करावा. २०२३ मध्ये ही सेवा ‘स्प्रिंगर नेचर’ या प्रकाशनसंस्थेने विकत घेतली. प्रसिद्ध केलेली प्रत्येक कृती पीडीएफमध्ये उतरवून विभागाच्या संगणकावर ठेवावी, असा माझा सल्ला आहे. तळघरातील प्रयोगशाळेत नेट मिळत नाही तेव्हा तीच छापून टेबलावर लावता येते. सेवेने एक सुधारणा करावी असे मला वाटते. हवेतील आर्द्रता आणि खोलीचे प्रत्यक्ष तापमान यांसाठी प्रत्येक कृतीच्या आरंभी एक सक्तीची नोंद असावी. तोपर्यंत आमचे विद्यार्थी ती ‘सुरू करण्यापूर्वी’ या भागात स्वतःहून लिहितात, आणि नव्या प्रकल्पाची प्रयोगवही तपासताना मी सर्वांत आधी तीच ओळ शोधते.