पॅडल त्यांच्या पायाखाली, ब्रेक माझ्या हातात : परभणीतला एक दातांचा दवाखाना

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढं सांगतो. त्याआधी कबूल करतो की मी या दवाखान्यातून दोनदा पळून आलेला माणूस आहे. दुसऱ्या वेळी तर चप्पल काढून आत बाकावर बसलो होतो. नंबर पुकारला आणि मी फोन आल्याचं सोंग करून जिना उतरलो. फोन खिशात बंद पडलेला होता.

मी एसटीत ड्रायव्हर. सत्तावीस वर्षं झाली. पुण्याची रातराणी केली, माजलगावच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत गाड्या नेल्या. डेपोत मला कुणी भित्रा म्हणायचं नाही. पण दातांची खुर्ची म्हणलं की पोटात गोळा उठायचा. घरची म्हणायची, "अहो, पन्नास माणसं घेऊन रात्रभर गाडी हाकता आन् एवढ्याशा सुईला भिता व्हय?" तिला काय सांगणार? खालची डावी दाढ सहा वर्षं दुखत होती. लवंग ठेवली, तंबाखूची गोळी दाबून ठेवली, मेडिकलवाल्याकडून गोळ्या नेल्या. एका बाजूनं जेवायची इतकी सवय झाली होती की लग्नातल्या पंगतीत भाकरी मोडताना मान आपोआप उजवीकडं कलायची.

दवाखाना वसमत रोडच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. डॉक्टर बाई आहेत, वय पस्तिशीच्या आतबाहेर. तिसऱ्या खेपेला घरचीनं मनगट धरून नेलं. बाईंनी मला खुर्चीत बसवलंच नाही. टेबलासमोर साध्या स्टुलावर बसवलं आणि तोंड उघडायला न लावता पाच प्रश्न विचारले. उद्या दातांच्या डॉक्टरकडं जायचंय असं कळलं तर कसं वाटेल? बाहेर बाकावर बसल्यावर? मशीननं दाढ कोरायची म्हणलं तर? दात साफ करायचे म्हणलं तर? हिरडीत सुई द्यायची म्हणलं तर? प्रत्येकाला एक ते पाच गुण. ही जगभर वापरतात ती पद्धत आहे म्हणे. एकूण पंचवीस, आणि 19 किंवा त्याच्या वर गेलं की भीती भारी समजायची. माझे 21 आले. साफसफाईला फक्त दोन दिले होते, बाकी चारांत जवळपास पैकीच्या पैकी. शाळेत असे मार्क कधी पडले नव्हते.

मग त्यांनी विचारलं, "काका, पहिला दात कुणी काढला होता?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी पाथरीकडच्या खेड्यातला. नऊ-दहा वर्षांचा असताना दाढ सुजली. आधी आईनं रिंगणीच्या बियांची धुरी दिली, कारण दाढेत कीड असते आणि धुरानं ती खाली पडते असा समज. कीड काही पडली नाही. मग बाजारच्या दिवशी एका दात काढणाऱ्यासमोर बसवलं. बाप म्हणाला, "काही नाही रे, मुंगी चावल्यावाणी होतंय." मामानं मागून दंड धरले, बापानं पाय. पुढचं सांगत नाही. दुखलं ते दुखलंच, पण माझ्या डोक्यात राहिली ती मुंगी. बापानं मला एरवी कधी फसवलं नव्हतं.

दुसरा प्रसंग मोठेपणीचा, 2011 चा, दुसऱ्या गावातला. गाल सुजलेला, तशात एका डॉक्टरांनी सुई दिली. दाढ बधिर झालीच नाही. मी सांगायलो तर म्हणाले, "थोडं सहन करा, झालंच." झालंच म्हणता म्हणता वीस मिनिटं गेली. घरी येऊन मला वाटलं की माझ्यातच काहीतरी खोट आहे, मला भूलच चढत नाही. चौदा वर्षं हे मनात घेऊन हिंडलो.

बाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "खोट तुमच्यात नव्हती, पू होता ना तिथं." जिथं पू आणि सूज असते तिथली जागा आंबट होते, म्हणजे आम्लाचं प्रमाण वाढतं, आणि भुलीचं औषध नसेत नीट शिरत नाही. निरोगी हिरडीत तेच औषध छान काम करतं. आपल्याकडचा माणूस ठणका असह्य झाल्याशिवाय येत नाही, म्हणजे नेमका भूल लागायला अवघड अशा दिवशी येतो. मग दुखतं, मग तो पुढची पाच वर्षं येत नाही, तोवर दुसरी दाढ पोखरते, आणि पुन्हा गाल सुजवूनच हजर. माझीच कुंडली सांगायल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी काहीच केलं नाही. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, दाढेचा एक्स-रे फोटो काढला, घरी पाठवलं. फी शंभर रुपये. मी इतका खूश झालो की हिला रसवंतीवर घेऊन गेलो.

आता खुर्चीबद्दल, कारण मला खरं लिहायचंय ते तिच्याबद्दल. ड्रायव्हरला खुर्ची वाईट वाटते याचं एक साधं कारण मला तिथंच कळलं. आयुष्यभर मी ताठ बसलो, समोर काच, हातात स्टेअरिंग, पायाखाली ब्रेक. इथं उताणं झोपवतात, समोर फक्त दिवा, हात पोटावर आणि ज्या पॅडलनं मशीन फिरतं ते दुसऱ्याच्या पायाखाली. मागं काय ठेवलंय ते दिसत नाही, पुढं काय येणार ते माहीत नाही, तोंडात बोटं असल्यामुळं थांबा म्हणायची सोय नाही. दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत मला झोप येत नाही, मोकळा पाय खाली दाबत राहतो. इथं तर गाडी माझ्याच तोंडातून चालली होती.

बाईंना मी हे असंच बोलून दाखवलं. त्या हसल्या, आणि पॅडल माझ्याकडं सरकवलं. "दाबा." मी चप्पल काढून दाबलं. त्यांच्या हातातलं मशीन किंचाळलं, बारीक पाण्याचा फवारा उडाला. पाय उचलला, थांबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा थांबलं. मिनिटाला तीन लाखांच्या वर फेरे घेतं म्हणे. आमचं इंजिन दोन-अडीच हजारावर गेलं तर आम्ही गिअर बदलतो! म्हणूनच तो आवाज असा शिटीसारखा. एवढे फेरे असल्यावर तो तसाच येणार, त्यात रागावण्यासारखं काही नाही, हे माझ्या डोक्यात मशीनवाल्या माणसासारखं शिरलं.

मग ठरलं की डावा हात वर केला की त्या थांबणार. कारण विचारणार नाहीत. मी पहिले दोन वेळा उगीचच हात वर केला. दुखत नव्हतं. डेपोतून गाडी काढली की गेटच्या आधी आम्ही ब्रेक दाबून बघतो, तसं बघितलं. दोन्ही वेळा पॅडल सुटलं. तिसऱ्यांदा हात उचलायची गरजच पडली नाही, आणि तब्बल पाऊण तासाची ती सिटिंग होती.

सुईचंही सांगतो. आधी हिरडीला गोडसर बधिर करायचं जेल लावलं, दोन मिनिटं थांबल्या. औषध इतकं सावकाश सोडलं की मी मनात शंभरपर्यंत मोजले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधीच सांगितलं : "दोन-चार मिनिटं छाती धडधडेल, हात थरथरल्यासारखे होतील. भुलीच्या औषधात अ‍ॅड्रिनलीन असतं, ती धडधड त्याची. घाबरल्याची नाही." खरंच धडधडलं. 2011 लाही असंच धडधडलं होतं, तेव्हा मला वाटलं आता आपण जातो. (बीपी मात्र सुईच्या आधी मोजा म्हणावं. इथं न सांगता मोजलं.) थोड्या वेळानं खालचा ओठ वडापावएवढा झाल्यासारखं वाटलं. आरशात बघितलं तर होता तेवढाच.

रूट कॅनॉलला तीन सिटिंग लागल्या. नसेची लांबी मोजायचं यंत्र टिकटिक करतं, ते पण आधी सांगितलं होतं. बाकी त्यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही, हेच कौतुक.

बाकावर बसून मी माणसं बघत होतो. प्रत्येकाची भीती वेगळी, आणि सुई हे त्यातलं एकच कारण. एक आजी पदरानं तोंड झाकून होत्या. मिश्रीनं दात काळे झालेले, आणि सुईपेक्षा डॉक्टरीण बाई ओरडतील याची धास्ती जास्त. किनवटकडचे एक सर होते, तिकडच्या काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, त्यामुळं दात लहानपणापासून तपकिरी. बोलताना हात तोंडावर. कॉलेजातला एक पोरगा सारखा तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालून बघायचा, जाताहेत की नाही ते. गुटख्यानं तोंड उघडेनासं होतं ना. गुटख्याला बंदी 2012 पासून आहे, पण पोराला कुठं कमी पडलाय! त्याला दुखण्याची भीती नव्हतीच, आत गेल्यावर काय ऐकायला लागेल याची होती. आणि एक लेकरू, चारेक वर्षांचं, आजोबांच्या मांडीवर हसत-खेळत. आजोबा म्हणाले, "गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील." लेकराचं तोंड तिथंच बंद झालं. मला मुंगी आठवली. वाटलं उठून त्यांना सांगावं, पण आपण कोण? एवढंच की बाईंनी आजींना ओरडा दिला नाही. दाराआडून ऐकू आलं, "किती वर्षांची सवय आहे आजी?" असं विचारत होत्या, शेतातलं पीक विचारावं तसं.

आणि दाराआडून ऐकू आलं, हाच तो कापलेला स्टार. आतली खोली आणि बाकडं यांच्यात प्लायची भिंत आहे. मशीनचा प्रत्येक आवाज बाहेर. ज्या बाईंना माणसाची भीती एवढी कळते त्यांनी तेवढी भिंत बांधून घ्यावी. शिवाय अकराची वेळ देऊन मला एकदा पावणेएकला घेतलं, म्हणजे पावणेदोन तास दुसऱ्यांच्या दाढा ऐकत बसलो. दरपत्रक भिंतीवर नाही. रूट कॅनॉलचे साडेचार हजार आधी सांगितले, कॅपचे पाच हजार वेगळे ते दुसऱ्या सिटिंगला कळलं. महिनाअखेर होती. खिशाची धडधड काही औषधानं होत नाही. विचारल्यावर दोन हप्ते करून दिले, ते मान्य.

पुढच्या महिन्यात वरची एक दाढ काढायची होती, आठशे रुपये. घरात मोठा गोंधळ. आई ठाम, की वरची दाढ काढली की डोळा अधू होतो. हसू नका, ड्रायव्हरचा डोळा गेला तर स्टेअरिंग गेलं, भाकरी गेली. मलाही रात्री झोप लागली नाही. बाईंनी कागदावर काढून दाखवलं, नजरेची नस वेगळी आणि दातांची वेगळी, दोघींचा रस्ता एक नाही. मी रस्त्याची भाषा लवकर समजतो. दाढ निघाली, दहा मिनिटं लागली. घरी गेल्यावर आईनं एक डोळा झाकायला लावून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून घेतलं, तिथीसकट. अजूनही अधूनमधून वाचून घेते.

जाणार असाल तर जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, म्हाताऱ्या माणसाला धरून न्या. गुरुवारी बंद. आणि भीती वाटत असेल तर फोनवर तसं सांगून सकाळचा पहिला नंबर मागा, देतात. तेव्हा आत मशीन सुरू झालेलं नसतं आणि बाकावर कुणाच्या दाढेचा आवाज ऐकावा लागत नाही.