थर्मल गन: घरात ठीक, दारावर कुचकामी

करोनाच्या टाळेबंदीनंतर २८ जून २०२० ला महाराष्ट्रात सलून उघडली (कटिंगला परवानगी, दाढीला नाही), ५ ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेने हॉटेलं. ‘एवढी घाई कशाला?’ हा प्रश्न दोन्ही वेळा घरोघरी होता. त्यावर उत्तर म्हणून वॉचमनच्या हाती लांबून ताप मोजणारी एक पांढरी थर्मल गन आली. ही गन आजही विकली जाते, म्हणून तिची ही परीक्षा. घरासाठी ५ पैकी ४, दारासाठी १.

गन कपाळाकडून येणारं इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेचे न दिसणारे किरण, नुसतं टिपते, मेंदूत काही सोडत नाही. तरी ‘गनने मेंदूला इजा होते’ या व्हॉट्सॲपवरच्या धास्तीने ती कपाळावरून मनगटावर उतरली आणि तिथेच खेळ आटोपला. मनगट कपाळापेक्षा गार असतं, बाइकवरून आलेल्याचं तर जास्तच. ताप असला तरी आकडा साळसूद दिसतो.

दुसरी गोची खरेदीतली. लाल लेझरचा ठिपका पाडणारी, उणे ५० ते ३८० अंश मोजणारी गन भट्टीसाठी आणि इंजिनासाठी असते. तिची चूक दीड-दोन अंशांपर्यंत जाते, म्हणजे ३८ चा ताप ३६ दिसू शकतो. शिवाय तो ठिपका डोळ्यांसाठी बरा नाही. माणसांसाठीच्या गनची चूक ०.२ ते ०.३ अंश असते. खोक्यावर ‘मेडिकल’ लिहिलंय का, मोजण्याची मर्यादा साधारण ३२ ते ४३ अंश आहे का, एवढं पाहिलं तरी फसवणूक टळते.

मेडिकल गनमध्येही ‘बॉडी’ (शरीराचा ताप) आणि ‘सरफेस’ (नुसता पृष्ठभाग) असे दोन मोड असतात आणि बटण चुकून दाबलं जातं. सरफेसवर धडधाकट माणसाचं कपाळही ३३ च्या आसपास येतं. हॉटेलच्या रजिस्टरात ओळीने ३३.४, ३२.९, ३३.१ अशा नोंदी असायच्या. शरीराचं तापमान खरंच एवढं असतं, तर त्या गिऱ्हाइकांना टेबल नव्हे, ॲम्ब्युलन्स लागली असती. वही मात्र रोज भरली जायची.

नीट मोजायचं तर अंतर ३ ते ५ सेंटिमीटर, गन कपाळाला सरळ समोरून. घाम पुसलेला, केस बाजूला, टिकली-गंधाची जागा सोडून. उन्हातून आलेल्याला किंवा हेल्मेट काढलेल्याला दहा मिनिटं बसवायचं. गन एसीतून बाहेर आणली तर तिलाही १५ ते ३० मिनिटं द्यायची, नाहीतर आकडा भरकटतो. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी. मुंबईच्या पावसाळ्यात, दारात उभं राहून, हे कसं जमायचं?

आणि सगळं जमवलं तरी मूळ अडचण तशीच. करोनाचा रुग्ण लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून संसर्ग पसरवतो, काहींना ताप येतच नाही, आणि पॅरासिटामॉल घेतलेला माणूस बिनबोभाट आत जातो. आत स्प्लिट एसी. तो बाहेरची हवा घेत नाही, खोलीतलीच गार करून फिरवतो. जेवायला मास्क उतरणारच. म्हणून लोक धास्तावले होते ते उगाच नाही: पहारा दारावर आणि धोका टेबलाशी. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत रुग्ण वाढले आणि एप्रिलमध्ये ‘ब्रेक द चेन’ म्हणून बसून जेवण पुन्हा बंद झालं. त्यात विषाणूच्या नव्या प्रकाराचाही हात होता, सगळं खापर हॉटेलांवर फोडता येणार नाही.

दारासाठी पैसे घालायचेच तर कार्बन डायऑक्साइड मीटर घ्यावा आणि तो आत ठेवावा. हा वायू आपल्या श्वासातून सुटतो, म्हणून तो साचला की हवा खेळत नाही हे कळतं. बाहेरच्या हवेत मीटर ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांतले ४२०) आसपास दाखवतो. माणसांनी भरलेल्या खोलीत आकडा ८०० च्या वर चढू लागला की खिडकी उघडायची, एक्झॉस्ट लावायचा. ‘एनडीआयआर’ सेन्सरचाच (इन्फ्रारेडने हा वायू थेट मोजणारा) घ्या. स्वस्तातले बरेच मीटर कार्बन डायऑक्साइड मोजत नाहीत, वासावरून अंदाज बांधतात. शेजारी सॅनिटायझर उडवला की त्यांचा आकडा उसळतो.

गन घरात असेल तर फेकू नका. झोपलेल्या पोराला न उठवता ताप बघायला तिच्यासारखं साधन नाही. लागोपाठ तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा धरा, आणि ३८ च्या पुढे गेला तर काखेतल्या डिजिटल थर्मामीटरने खात्री करा. बरेच दिवस वापर नसेल तर सेल काढून ठेवा. ते पाझरले की पट्ट्या गंजतात आणि गन कायमची गप्प बसते.