जर्नल क्लब, डेटा क्लब की पाहुण्यांचे व्याख्यान: पीएचडी करताना कोणता सेमिनार निवडावा?

पेशी आणि रेणवीय जीवशास्त्रात पीएचडी करणाऱ्यांसमोर बहुतेक विभागांत तीन प्रकारचे सेमिनार असतात. जर्नल क्लबमध्ये दुसऱ्यांचा छापून आलेला पेपर आकृतीगणिक तपासायचा. डेटा क्लबमध्ये स्वतःचे अर्धवट निकाल विभागासमोर ठेवायचे. पाहुण्या संशोधकांच्या व्याख्यानमालेत पूर्ण झालेले काम ऐकायचे. वेळापत्रकात तिघांनाही आठवड्याचा एकेकच तास असतो, पण त्या तासामागची तयारी आणि त्यातून हाती येणारी गोष्ट फार वेगळी असते. तिन्ही मन लावून करायला वेळ पुरत नाही, कारण सेल कल्चर (डिशमध्ये वाढवलेल्या पेशी) कोणासाठी थांबत नाही. म्हणून निवडीआधी स्वतःला एवढेच विचारावे: आत्ता माझे अडते कुठे? दुसऱ्याची आकृती वाचताना, की स्वतःच्या आकृतीवर विश्वास ठेवताना?

दुसऱ्याची आकृती: जर्नल क्लब

तयारीला आठ ते दहा तास धरा. पहिल्या वाचनात सारांश बाजूला ठेवून फक्त आकृत्या आणि त्यांखालचा मजकूर पाहायचा आणि प्रत्येक आकृतीचा निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत लिहायचा. मग लेखकांनी काढलेला निष्कर्ष पाहायचा. दोन्हींत फरक पडला, तर चर्चेचा विषय तिथेच सापडला. दुसरे वाचन पद्धती आणि पुरवणी आकृत्यांचे. ते बहुतेक जण टाळतात आणि नेमके तिथेच अडकतात, कारण कंट्रोल (तुलनेसाठी केलेले प्रयोग) पुष्कळदा पुरवणीतच असतात.

आठ मुख्य आणि बारा पुरवणी आकृत्यांचा पेपर एका तासात बसत नाही. ज्यांच्यावर पेपरचा मुख्य दावा उभा आहे ते तीन-चार पॅनेल (आकृतीतली एकेक चौकट) निवडा, बाकीचे दोन वाक्यांत सांगा. पॅनेल पडद्यावर आले की क्रम ठरलेला ठेवा: आडव्या आणि उभ्या अक्षावर काय आहे, प्रश्न काय होता, प्रयोग कसा केला, कंट्रोल कोणता, दिसले काय, आणि शेवटी लेखक काय म्हणतात. हा क्रम उलटला की ऐकणाऱ्यांना लेखकांचेच डोळे लागतात.

सुरुवातीच्या बैठकीसाठी हर्शी आणि चेस यांचा १९५२ चा पेपर फार उपयोगी आहे; जीवाणूंत शिरणाऱ्या विषाणूचा वारसा डीएनए वाहतो, असे त्यांनी त्यात मांडले. पाठ्यपुस्तकात चित्र स्वच्छ असते: किरणोत्सारी गंधकाने खूण केलेले विषाणूचे प्रथिन बाहेर राहिले, किरणोत्सारी फॉस्फरसने खूण केलेला डीएनए आत गेला. मूळ पेपरमध्ये ब्लेंडरने जीवाणूंवरून सुमारे ७५ ते ८० टक्के गंधक सुटले, आणि २१ ते ३५ टक्के फॉस्फरसही सुटला. मग निष्कर्ष कितपत टिकतो, आणि तो टिकवायला लेखकांना आणखी कोणते प्रयोग करावे लागले? यावर तासभर बोलता येते, आणि आकडा आणि वाक्य यांच्यातले अंतर नवख्या विद्यार्थ्याला डोळ्यांनी दिसते.

आधुनिक पेपरमध्ये ही नजर दोन ठिकाणी सर्वांत जास्त कामाला येते. पहिले ठिकाण वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे नमुन्यातली प्रथिने मेंब्रेनवर बँडच्या रूपात दाखवणारी चाचणी. अ‍ॅक्टिनचा बँड (हे पेशीत कायम असणारे प्रथिन तुलनेसाठी घेतात) सगळ्या लेनमध्ये, म्हणजे नमुन्यांच्या रकान्यांत, सारखाच ठसठशीत दिसला की लोडिंग (भरलेले प्रथिन) सारखे होते असे मानले जाते. पण अ‍ॅक्टिन पेशीत इतके मुबलक असते की नेहमीच्या लोडिंगला त्याचा सिग्नल अनेकदा संपृक्त झालेला असतो. मग दुप्पट लोडिंग झाले तरी बँड तसाच दिसतो. त्यामुळे विचारायचे ते असे: ५, १०, २०, ४० मायक्रोग्रॅमची मालिका चालवून सिग्नल रेषीय पट्ट्यात आहे, म्हणजे प्रथिनाच्या प्रमाणात वाढतो, हे कोणी पाहिले का?

दुसरे ठिकाण ‘एन’, म्हणजे नमुन्यांची संख्या. तीन डिशमधून पन्नास-पन्नास पेशी मोजून ‘एन बरोबर १५०’ असे लिहिलेले असते. एका डिशमधल्या पेशी एकाच माध्यमात, एकाच पॅसेजमध्ये (पेशी नव्या डिशमध्ये हलवण्याच्या फेरीत), एकाच दिवशी वाढलेल्या असतात, म्हणून त्या स्वतंत्र नमुने ठरत नाहीत. इथला खरा ‘एन’ तीन आहे, आणि १५० धरला की पी-मूल्य (नुसत्या योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) फुकट लहान होते. २०२० मध्ये पुढे आलेली ‘सुपरप्लॉट’ची पद्धत याच दुखण्यावर आहे: प्रत्येक पेशीचा ठिपका दाखवायचा, पण ठिपक्यांना प्रयोगागणिक रंग द्यायचा आणि चाचणी प्रयोगांच्या सरासऱ्यांवर करायची.

जर्नल क्लब दोन प्रकारे बिघडतो. एक म्हणजे पेपरचे नुसते वाचन होते. दुसरे म्हणजे दोष काढण्याची चढाओढ लागते, आणि हे जास्त घातक आहे, कारण त्यात हुशारी दिसते आणि शिकणे होत नाही. त्यावर एक साधा नियम पुरतो: बोलणाऱ्याने शेवटच्या स्लाइडवर असा एक प्रयोग मांडायचा, ज्याचा निकाल उलटा आला तर पेपरचा मुख्य दावा पडेल. बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावरचे प्रीप्रिंट (परीक्षणाआधी खुले केलेले पेपर) घेतले तर आणखी एक फायदा होतो. पेपर अजून बदलू शकतो, त्यामुळे चर्चेतले मुद्दे लेखकांना पाठवता येतात आणि सौम्य भाषेत टीका लिहिण्याचा सरावही घडतो.

स्वतःची आकृती: डेटा क्लब

तयारीला दोन आठवडे हवेत, आणि तेही बहुधा बेंचवर जातात, कारण स्लाइड बनवताना राहिलेला कंट्रोल दिसतो आणि तो चालवावा लागतो. ही तयारीच निम्मा फायदा देऊन जाते.

चाळीस मिनिटांसाठी बारा ते पंधरा स्लाइड पुरे. पहिल्या स्लाइडवर प्रश्न. दुसऱ्यावर ‘मला तुमच्याकडून हे ठरवून हवे आहे’ अशा दोन-तीन ओळी: पुढे कोणती पेशीरेषा (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी) घ्यावी, ही अँटिबॉडी भरवशाची आहे का, असे. हे न सांगितल्यास श्रोते शीर्षकाच्या फाँटवर बोलत बसतात. ब्लॉट कापून दाखवू नका, वजनाच्या मार्करसह पूर्ण मेंब्रेन दाखवा. कापलेल्या पट्टीत अनोळखी बँड दिसत नाही, आणि पुष्कळदा तुमची अडचण तोच बँड असतो. प्रत्येक आलेखावर प्रयोग किती वेळा झाला ते लिहा. फ्लुओरेसन्सच्या प्रतिमांत लाल-हिरव्याऐवजी मजेंटा-हिरवी जोडी वापरा. सभागृहात लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे कोणी ना कोणी असतेच.

इथे मिळणारी सूचना किती मोलाची असते ते एका उदाहरणावरून कळेल. एका एसआयआरएनएने (जनुकाचा संदेश नष्ट करणारा आरएनएचा छोटा तुकडा) जनुक दाबल्यावर पेशींचे विभाजन थांबते, दुसऱ्या क्रमाच्या एसआयआरएनएने थांबत नाही. विद्यार्थी दुसरा क्रम ‘कमकुवत’ म्हणून सोडून देतो. श्रोत्यांपैकी कोणीतरी विचारते की दोन्हींनी प्रथिन सारखेच घटले होते का. घटले असेल, तर संशय पहिल्या क्रमावर जातो, कारण एसआयआरएनएच्या गाइड धाग्यातले (संदेशाशी जुळणारा धागा) २ ते ८ क्रमांकांचे न्यूक्लिओटाइड मायक्रोआरएनएसारखे (जनुके दाबणारे पेशीतले छोटे आरएनए) वागून भलत्याच संदेशांना दाबू शकतात. उपाय ठरलेला आहे: एसआयआरएनएला दाद न देणारी जनुकाची प्रत पेशीत घालून परिणाम मागे फिरतो का पाहायचे. हा प्रश्न आता आला तर काही आठवड्यांचे काम आहे. पेपर पाठवल्यावर परीक्षकाने विचारला, तर पेशींच्या गोठवलेल्या कुप्या शोधण्यापासून सुरुवात होते, आणि तोवर त्या निकालावर आणखी चार आकृत्या उभ्या राहिलेल्या असतात. क्रिस्परने (जनुक कापण्याचे तंत्र) केलेल्या नॉकआउटचेही (जनुक बंद पाडलेल्या पेशी) असेच आहे. एका क्लोनवर भिस्त ठेवू नका. क्लोन वाढवताना एका पेशीतून सगळी वसाहत येते, त्यामुळे त्या पेशीचा कोणताही वैयक्तिक गुण जनुकाच्या माथी मारला जाऊ शकतो. किमान दोन वेगळे क्लोन आणि पूर्वपदावर आणणारा प्रयोग दाखवा.

वेळ चुकली की डेटा क्लब वाया जातो. एकच ब्लॉट हातात असताना गेलात तर लोक अंदाजच बांधत बसतात. आकृत्या छपाईला तयार झाल्यावर गेलात तर काहीच बदलता येत नाही, आणि तुम्हालाही काही बदलावेसे वाटत नाही. परिणाम दोन स्वतंत्र प्रयोगांत दिसला आहे पण कंट्रोल अपुरे आहेत, हा योग्य क्षण.

आणखी एक नेहमीचा बिघाड म्हणजे प्रश्न विद्यार्थ्याला येतो आणि उत्तर गाईड देतात. हेतू मदतीचाच असतो, पण मग प्रश्न विचारणारे पुढच्या वेळी थेट गाईडकडेच पाहतात. पहिली वीस मिनिटे गाईडने बोलायचे नाही, असे आयोजकांनीच ठरवून द्यावे. आणि बाहेरचे लोक बसणार असतील, तर पेटंटचा विचार असलेले निकाल दाखवण्याआधी गाईडशी बोला. जाहीरपणे दाखवलेली गोष्ट पुढे पेटंटच्या आड येऊ शकते.

पूर्ण झालेले काम: पाहुण्यांचे व्याख्यान

तयारी सर्वांत कमी लागते, म्हणून हजेरीसाठी हाच पर्याय सोपा वाटतो. विषयाची रुंदी कळते, नवी तंत्रे कळतात, आणि एखादी गोष्ट कशी रचून सांगतात तेही. मात्र तिथे दिसते ते झाडून-पुसून ठेवलेले काम. कित्येक वर्षांतले फसलेले प्रयोग पन्नास मिनिटांत मावत नाहीत, आणि ते ऐकून आपण मागे पडलो असे विद्यार्थ्याला वाटते. तसे वाटू देऊ नका.

खरा लाभ व्याख्यानानंतर विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या भेटीत असतो. पाहुण्यांचे दोन पेपर आधी वाचा आणि पद्धतीवरचा एक नेमका प्रश्न न्या: किती क्लोन तपासल्यावर बरोबर टॅग (प्रथिनाला जोडलेली खूण) लागलेला मिळाला, जीएफपी (चमकणारे प्रथिन) प्रथिनाच्या कोणत्या टोकाला लावल्यावर त्याची जागा बिघडली, अशा जातीचा. ही उत्तरे पेपरमध्ये क्वचितच छापून येतात, आणि तुमचे दोन महिने वाचवू शकतात.

शेवटच्या वर्षात असाल तर फळ्यावर, स्लाइडविना पुढील संशोधनाचा आराखडा मांडण्याचा चॉक टॉकही कुठे असल्यास करा. नोकरीच्या मुलाखतींत तो मागतात, आणि स्लाइडची सवय झालेल्यांना तो जड जातो.

कोणी काय घ्यावे

पहिल्या वर्षात जर्नल क्लब, आणि सत्रात किमान दोनदा स्वतः बोलायचे. दुसऱ्या ते चौथ्या वर्षात एकच निवडता येत असेल तर डेटा क्लब, भीती वाटत असली तरी. लॅब लहान किंवा नवी असेल आणि गाईडशिवाय तुमच्या ब्लॉटकडे पाहणारे कोणी नसेल, तर दुसरा विचारच करू नका. उलट, लॅबच्याच मीटिंगला सात-आठ अनुभवी माणसे दर आठवड्याला तुमचे निकाल सोलून काढत असतील, तर डेटा क्लबमध्ये तेच पुन्हा होईल. तेव्हा आपल्या विषयाबाहेरचा जर्नल क्लब घ्या: पेशीविभाजनावर काम असेल तर चेतापेशींचा, आरएनएवर असेल तर पेशीपटलांचा. पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची जागा) शोधत असाल किंवा लॅबमध्ये कोणालाच न येणारे तंत्र उभे करायचे असेल, तर पाहुण्यांची व्याख्यानमाला.

नाव नोंदवण्याआधी त्या सेमिनारची एक बैठक मागे बसून पाहा आणि मोजा. किती वेगवेगळ्या माणसांनी प्रश्न विचारले? त्यांतले विद्यार्थी किती? पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा होता का? कंट्रोलबद्दल कोणी विचारले का? आणि बोलणारा बाहेर पडताना त्याच्या वहीत पुढचा प्रयोग लिहिलेला होता का? सगळे प्रश्न दोन-तीन प्राध्यापकांचेच असतील, तर त्या सत्रापुरता दुसरा सेमिनार निवडा आणि पुढच्या सत्रात पुन्हा येऊन पाहा.