हसून सांगावं की सरळ सांगावं? डेव्हलपरसमोर डेटाबेसचं साधन मांडताना

धुळ्याच्या माझ्या एका मित्राने पोस्टग्रेस या डेटाबेसमधला डेटा डॉटनेटच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेतल्या, कोडमध्ये आणणारी छोटी लायब्ररी (इतरांनाही वापरता येईल असा तयार कोड) लिहिली आहे. केळी व्यापाऱ्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर करताना वजन, भाव, गाडीभाडं, शेतकऱ्याची उचल यांच्या त्याच त्या क्वेऱ्या (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) लिहून तो कंटाळला आणि त्यातून ती तयार झाली. आता ती इतर डेव्हलपरांनी वापरावी असं त्याला वाटतं. पहिल्या पानाच्या मजकुराचे तीन मसुदे त्याने मला पाठवले आणि विचारलं, "दादा, यातला कोणता ठेवू?"

पहिल्यात लिहिलं होतं: "सर्वात वेगवान. शून्य कॉन्फिगरेशन. कितीही भार पेलणारी." दुसरा स्वतःवर हसणारा होता: "आमची पहिली क्वेरी जावयासारखी आहे. उठायला वेळ लावते, पण एकदा उठली की दिवसभर थांबत नाही." तिसरा कोरडा: "फक्त पोस्टग्रेससाठी. ऑब्जेक्टमधल्या बदलांचा माग ठेवत नाही. पहिल्या क्वेरीला जास्त वेळ लागतो."

असाच निर्णय घ्यायचा असलेले खानदेशात आणखीही काही जण असतील, म्हणून त्याला दिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहितो.

बढाईचा मसुदा मी लगेच बाजूला काढायला सांगितला. डेव्हलपर हा असा ग्राहक आहे की तो दहा मिनिटांत पॅकेज उतरवून घेतो, एक लूप फिरवतो आणि घड्याळ लावतो. "शून्य कॉन्फिगरेशन" वाचून मी स्वतः एकदा एक साधन विकत घेतलं होतं. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याकडे ते बसवलं. हंगामात संध्याकाळनंतर तिथे एकामागून एक गाड्या भरतात, काट्यावर ट्रक उभा असतो आणि पावती निघाल्याशिवाय तो हलत नाही. एका रात्री पावत्याच निघेनात. शोधल्यावर कळलं की क्वेरीत चूक आली की ते साधन डेटाबेसचं कनेक्शन पूलला, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शनांच्या साठ्याला, परत करतच नव्हतं. पोस्टग्रेसच्या डॉटनेट ड्रायव्हरमध्ये पूलची मर्यादा मुळात १०० असते. तेवढी कनेक्शनं अडकून पडली आणि पुढची प्रत्येक मागणी थोडा वेळ थांबून नुसती चूक दाखवू लागली. व्यापाऱ्याचे मुनीम माझ्याकडे बघत होते आणि मी त्या "शून्य कॉन्फिगरेशन"कडे. त्या साधनात पूलची सेटिंग बदलायला जागाच ठेवलेली नव्हती. तेव्हापासून ज्या पानावर मर्यादांचा एकही शब्द नाही, ते पान मी पुढे वाचत नाही. माझ्या ओळखीचे बहुतेक डेव्हलपर असेच वागतात.

खरी निवड उरते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मसुद्यात.

स्वतःवर हसून माल विकायची रीत जुनी आहे. १९६० साली फोक्सवॅगनने अमेरिकेत जाहिरात दिली. वर बीटल गाडीचं चित्र, खाली एकच शब्द: 'लेमन'. तिकडच्या बोलीत लेमन म्हणजे बिघडका माल. मजकूर वाचला की कळतं, कप्प्याच्या झाकणावरची क्रोमची पट्टी डागाळलेली होती, म्हणून तपासनिसाने ती गाडी कारखान्यातच अडवली. डॉयल डेन बर्नबाख या संस्थेने ती जाहिरात केली होती. कबूल केलेला दोष पट्टीएवढा आणि त्यामागे दिसणारी तपासणी मात्र पूर्ण गाडीची, हे त्यातलं खरं कसब.

आपल्याकडे हे शिकायला अमेरिकेत जावं लागत नाही. थंडीत जळगावच्या बाजारात भरताची वांगी घ्यायला गेलो होतो. टोपलीतल्या एका वांग्यावर देठाजवळ घासल्यासारखा तपकिरी डाग होता. मी ते बाजूला ठेवलं तर विक्रेत्या मावशींनी तेच उचललं, विळीवर उभं चिरलं आणि माझ्यासमोर धरलं. "डाग वरना शे दादा, मझार बी नही." आत पांढराशुभ्र गर, बी नावाला. मी दोन किलो घेतली, त्यात डागाळलेलीही आली. मावशींनी डाग लपवला नाही आणि डागावर व्याख्यानही दिलं नाही. त्यांनी वांगं चिरून दाखवलं.

जावयाच्या वाक्यात नेमकं हे चिरून दाखवणं नव्हतं. वाक्य गोड आहे, वाचणारा हसतो. पण उठायला वेळ लावते म्हणजे किती? अर्धा सेकंद की वीस? ही खोड एकट्या त्याच्या लायब्ररीची नाही. याच कामाचं मायक्रोसॉफ्टचं साधन एंटिटी फ्रेमवर्क कोअरसुद्धा पहिल्या वापराच्या वेळी आपलं मॉडेल (कोड आणि टेबलं यांची सांगड) उभं करतं, आणि मोठ्या मॉडेलला तो वेळ इतका जाणवतो की २०२१च्या सहाव्या आवृत्तीत मॉडेल आधीच तयार करून ठेवायची सोय द्यावी लागली. ज्याला हे माहीत आहे त्याला विनोदानंतर लगेच आकडा हवा असतो. कोणत्या मशीनवर, किती टेबलं असताना, पहिली क्वेरी किती आणि दुसरी किती. आकडा शेजारी असेल तर विनोद लक्षात राहतो आणि आकडाही. नसेल तर काहीतरी झाकायला हसवलं असं वाटतं.

आणि कशावर हसायचं नाही, याची रेघ मी मित्राला ठळक ओढून दिली. डेव्हलपरची मिनिटं खाणाऱ्या दोषावर हसा: सावकाश सुरुवात, लांबलचक एरर, अपुरं डॉक्युमेंटेशन. पण ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण व्हायला हव्यात अशा नोंदी) अर्धवट राहणं, पॅरामीटर न वापरता, म्हणजे किंमत वेगळी न देता, मजकूर जोडून क्वेरी बनणं, नल (नोंदच नसणं) आणि शून्य यांची गल्लत, यांवर एक शब्दही गमतीने लिहू नका. ज्या शेतकऱ्याच्या उचलीचा आकडा चुकणार आहे, त्याला त्यात गंमत दिसणार नाही. मित्राच्या मसुद्यात असं एक वाक्य होतं: "रोलबॅक कधीकधी रुसतो." रोलबॅक म्हणजे फसलेल्या ट्रान्झॅक्शनचे बदल मागे घेणं. ते वाक्य मी फोनवरच काढायला लावलं आणि आधी तो दोष दुरुस्त कर म्हणालो.

तिसऱ्या, कोरड्या मसुद्याच्या बाजूने मोठे साक्षीदार आहेत. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेला एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घ्या. तो कुठे वापरावा आणि कुठे वापरू नये यावर त्यांचं वेगळं पानच आहे. एका वेळी एकच जण लिहू शकतो, खूप जणांना एकदम लिहायचं असेल तर दुसरा डेटाबेस घ्या, असं ते स्वतः सांगतात. आपली स्पर्धा मोठ्या सर्व्हरशी नसून फाइल उघडणाऱ्या साध्या 'एफओपन'शी आहे, हेही तिथेच लिहिलंय. त्यात नम्रता आहे, थोडं हसूही आहे, पण मुख्य म्हणजे माहिती आहे.

डॅपर या डॉटनेटमधल्या, मित्राच्या लायब्ररीसारख्याच साधनाचंही तसंच. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या गरजेतून २०११ साली ते बाहेर आलं. त्याच्या पहिल्याच पानावर मर्यादांचा स्वतंत्र भाग आहे: ओआरएममधल्या (टेबलं आणि कोडमधले ऑब्जेक्ट आपोआप जोडणाऱ्या मोठ्या साधनांतल्या) बऱ्याच सोयी इथे नाहीत, आणि पॅरामीटर न वापरता दर वेळी नवी क्वेरी रचत राहिलात तर मेमरीची अडचण येऊ शकते. वेगाच्या तक्त्यात हाताने लिहिलेला कोडही शेजारी मांडलेला आहे, म्हणजे वाचणाऱ्याला तुलना करता येते. मी डॅपर वापरायला घेतलं ते या भागामुळे. काय मिळणार नाही हे आधी कळलं, म्हणून जे मिळणार होतं त्यावर विश्वास बसला.

मग कोरडाच ठेवावा का? पानावर, हो. लिहिलेला विनोद शंभर वेळा वाचला जातो आणि तिसऱ्या वेळी जुना होतो. मर्यादांची यादी शंभराव्या वेळीही कामाची असते. पण समोरासमोर गोष्ट वेगळी. जळगावच्या एका कॉलेजच्या सभागृहात पंचवीस-तीस डेव्हलपर बसलेत, प्रोजेक्टरवर पहिली क्वेरी अडकून बसलीये, तेव्हा जावयाचं वाक्य सोन्यासारखं आहे. ते अहिराणीत म्हटलं तर आणखी चांगलं. इंग्रजी जाहिरातींतून उचललेले विनोद तिथे पडून राहतात.

एका ठिकाणी मात्र हसरा मसुदा अजिबात नेऊ नका: पैसे देणाऱ्याकडे. आपल्या भागात साधन निवडतो डेव्हलपर, पण बिल देतो डाळमिलचा किंवा जिनिंगचा मालक, नाहीतर सराफ. "आमची क्वेरी उशिरा उठते" हे डेव्हलपरला प्रामाणिक वाटतं. शेठ ऐकतात ते इतकंच, की हा माणूस स्वतःच म्हणतोय माल मंद आहे. त्यांना पावती किती सेकंदांत निघते, वीज गेली तर नोंद राहते का, आणि बिघडलं तर रात्री फोन कोण उचलणार, एवढं सांगा. तेही सरळ.

परवा मित्राचं नवं पान आलं. सुरुवातीला तीन मर्यादा, त्याखाली त्याच्या पाच वर्षं जुन्या लॅपटॉपवर मोजलेल्या पहिल्या आणि दुसऱ्या क्वेरीच्या वेळा, मोजायचा कोडही सोबत. जावई पानावरून गेला. पण पुढच्या महिन्यात जळगावला डेमो आहे, तिथे तो येणार आहे म्हणे. रोलबॅकची दुरुस्ती आधीच्या आवृत्तीतच झाली.