उत्तर बरोबर, तरी लाल पट्टी: कोणती तपासणी निवडाल?

भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपवर स्पॅनिशच्या सरावात 'मी बोलतो' यासाठी मी 'आब्लो' लिहिलं. अ‍ॅपला 'यो आब्लो' हवं होतं, म्हणून लाल पट्टी आली. खरं तर स्पॅनिशमध्ये क्रियापदाच्या शेवटावरूनच कर्ता कळतो आणि 'यो' बहुतेक वेळा गाळतात. पुढच्याच प्रश्नात 'तो बोलला' लिहायचं होतं. तिथे शेवटच्या 'ओ'वरचं आघातचिन्ह माझ्याकडून राहिलं. म्हणजे मी पुन्हा 'मी बोलतो' असंच लिहिलं होतं, पण या वेळी पट्टी हिरवी. बरोबर उत्तर चूक ठरलं आणि चूक उत्तर पास झालं. तेव्हापासून अ‍ॅप निवडताना मी धडे किती आहेत हे नंतर बघते, आधी ते उत्तरं कसं तपासतं हे बघते.

पर्याय निवडायचे किंवा शब्दांचे ठोकळे जुळवायचे, या प्रकारात मनस्ताप सर्वांत कमी. उत्तर समोरच असतं, त्यामुळे वादाला जागा नाही. पण समोरचा शब्द ओळखणं वेगळं आणि कोऱ्या ओळीवर तो आठवणं वेगळं. पहिले काही आठवडे हे ठीक आहे, पुढे नाही.

खरी डोकेदुखी टाइप करण्याच्या प्रकारात आहे, आणि खरी शिकवणीही तिथेच. अशा अ‍ॅपकडे प्रत्येक वाक्यासाठी मान्य उत्तरांची यादी असते. यादी करणाऱ्याला सुचलं नाही ते चूक. इंग्रजी 'यू'चं स्पॅनिशमध्ये तू, उस्तेद, वोसोत्रोस, उस्तेदेस यांपैकी काहीही होऊ शकतं. यादीत एकच असेल तर बाकी तिन्ही लाल. टायपिंगच्या चुकांना सूट देण्यासाठी बरीच सॉफ्टवेअर दोन शब्दांत किती अक्षरांचा फरक आहे ते मोजतात. ही मोजणी सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांच्या 1965 च्या कामावरून आलेली आहे. मात्र तिला व्याकरण कळत नाही. जर्मनमधल्या 'डेन' आणि 'डेम' या उपपदांमध्ये (इंग्रजी 'द'सारख्या शब्दांमध्ये) एका अक्षराचा फरक, पण पुल्लिंगी एकवचनात पहिलं द्वितीयेचं आणि दुसरं चतुर्थीचं. नेमकी हीच चूक पकडली जायला हवी, आणि तीच सूट घेऊन निसटते.

मराठी शिकणाऱ्यासाठी अ‍ॅप शोधत असाल तर आणखी एक अडचण आहे. 'दुसऱ्या'मधला तो अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साधा 'र', हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तुलना करण्याआधी अ‍ॅपने ते एकरूप केले नाहीत, तर विद्यार्थी स्वतःच्या उत्तराकडे आणि अ‍ॅपच्या उत्तराकडे आळीपाळीने बघत बसतो आणि त्याला फरक काही सापडत नाही. फार वाईट वाटतं अशा वेळी, कारण तो दोष स्वतःलाच देतो.

अँकीचा मार्ग निराळा. 2006 पासून असलेल्या या फ्लॅशकार्डच्या (एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर) प्रोग्रॅममध्ये निकाल तुम्हीच देता: पुन्हा, कठीण, ठीक, सोपं अशा अर्थाची चार बटणं. उत्तर टाइप करण्याची सोय लावली तर जुळलेली आणि चुकलेली अक्षरं रंगाने दिसतात, तरी शेवटचं बटण तुमच्याच हातात. शब्दसंग्रहासाठी मला हेच सर्वांत पटतं. मात्र तुमचं वेगळ्या मांडणीचं वाक्य चालेल की नाही, हे कार्ड सांगू शकत नाही.

ते विचारायला एआय चॅट बरा. तो वेगळी मांडणी समजून घेतो, कारणही देतो. पण ते कारण कधी कधी ठामपणे चुकीचं असतं, आणि तेच वाक्य पुन्हा विचारल्यावर निकाल बदलू शकतो. उच्चार तपासणीवर तर मी फार विसंबत नाही. अपेक्षित वाक्य आधीच माहीत असल्यामुळे अ‍ॅप ओढूनताणून तेच ऐकतं.

म्हणून अगदी नवशिक्यांनी ठोकळे घ्यावेत, शब्द पक्के करायचे असतील त्यांनी अँकी, आणि वाक्यं लिहू लागलेल्यांनी टाइप करायचं अ‍ॅप व अडल्यास एआय. पैसे भरण्याआधी फुकटच्या धड्यात दोन उत्तरं मुद्दाम द्या: एक बरोबर पण वेगळ्या शब्दांतलं, दुसरं एका अक्षराने अर्थ बदलणारं. लाल पट्टीखाली 'माझं उत्तरही बरोबर आहे' असं कळवायचं बटण आहे का, तेही बघा. मी ते नसलेलं अ‍ॅप घेत नाही.