जुन्या घरगुती रिळांचा नाद, आठ महिन्यांनंतर: प्रोजेक्टर सगळ्यात शेवटी घ्या

मागच्या गणपतीनंतरच्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एका भंगारवाल्याकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घरगुती सिनेमाची अकरा रिळं दिसली. ४०० रुपये म्हणाला, दिले, आणि घरी येईपर्यंत डोक्यात फक्त प्रोजेक्टर. त्याच आठवड्यात सुपर ८ या प्रकारच्या फिल्मचा एक प्रोजेक्टर घेऊनही टाकला, रिळं कसली आहेत ते न बघता. हा माझा पहिला गाढवपणा.

अकरापैकी आठ रिळं रेग्युलर ८ ची, म्हणजे त्याआधीच्या प्रकारची निघाली. दोन्हीची रुंदी ८ मिलिमीटरच, त्यामुळे फिल्म आत जाते मस्त, आणि मग कर्रकर्र आवाज येतो, चित्र वर-खाली नाचायला लागतं, मी घाबरून बंद करेपर्यंत सुरुवातीच्या फूटभर पट्टीच्या कडेची भोकं, ज्यांत दाते अडकवून मशिन फिल्म ओढतं ती, फाटून गेली होती. झालं असं की रेग्युलर ८ कोडॅकने १९३२ ला काढली, १६ मिमीची फिल्म कॅमेऱ्यातून दोनदा फिरवायची आणि धुतल्यावर मधोमध चिरायची, म्हणून भोकं मोठी आणि दोन फ्रेमच्या, म्हणजे एकेका चित्राच्या, सीमेवर. १९६५ च्या सुपर ८ मध्ये भोक बारीक केलं आणि फ्रेमच्या मध्यावर आणलं, त्यामुळे चित्राला जागा बरीच जास्त मिळाली. ओळखायला सोपं आहे, रिळाच्या मधलं छिद्र बघा, लहान असेल तर बहुतेक रेग्युलर, मोठं असेल तर सुपर. पण लोक रिळं अदलाबदल करून ठेवतात, तेव्हा भिंगातून फिल्मची भोकं बघाच.

मग दोन्ही चालवणारा ड्युअल प्रोजेक्टर शोधला. मुंबईत चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, ११ हजारांवरून साडेआठला आला. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही कारण दोष तिचा नाही, पन्नास वर्षांनी रबर कुणाचंही वितळतं. दुकानदाराने मोटर फिरवून दाखवली, बल्ब लावून दाखवा म्हटलं तर "बल्ब काय साहेब, कुठेही मिळेल". घरी उघडलं तर मोटरच्या रबरी पट्ट्याचं डांबर झालेलं, दोन संध्याकाळी स्पिरिट आणि कानकोरण्याच्या कापसाने खरवडत बसलो, बायको म्हणाली यापेक्षा गॅसची शेगडी साफ केली असतीस तर. पट्ट्याच्या जागी नाना पेठेतल्या ऑइल सीलवाल्याकडची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बसली, तीस रुपयांत, अजून टिकलीये. बल्ब १२ व्होल्ट १०० वॅटचा हॅलोजन, तो मात्र एंडोस्कोपीच्या मशिनात लागतो तसलाच असल्यामुळे मेडिकल इक्विपमेंटवाल्याकडे मिळाला. बल्बच्या काचेला बोट लावू नका.

न्यू जर्सीचा मित्र तिकडून प्रोजेक्टर फुकट पाठवतो म्हणत होता, नको म्हटलं. ११० व्होल्टचं काम ट्रान्सफॉर्मरने भागतं पण तिकडची वीज ६० हर्ट्झ, आपली ५०, आणि बऱ्याच जुन्या मोटरींचा वेग या हर्ट्झवर ठरतो, म्हणजे सेकंदाला १८ फ्रेमच्या जागी १५ च. सगळी माणसं पाण्यात चालल्यासारखी. मागच्या बाजूला व्होल्टेज आणि हर्ट्झ बदलायची सोय असलेलं युरोपियन मशिन बघा.

पण खरं सांगू का, या सगळ्यात जास्त वापरली गेलेली वस्तू प्रोजेक्टर नाहीच, हाताने फिरवून छोट्या काचेवर फिल्म बघायचा १२०० रुपयांचा व्ह्यूअर आहे. आधी तोच घ्यायला हवा होता. फिल्म सावकाश जाते, गरम होत नाही, तुटका सांधा बोटाला लागतो, कुबट आंबट वास आला की रीळ बाजूला काढता येतं. तो व्हिनेगरचा वास म्हणजे फिल्मचं प्लास्टिक, ॲसिटेट, सडायला लागलं, आणि शेजारच्या रिळांनाही लागण होते. माझी दोन गेली, कडा कुरडईसारख्या झाल्यात. ती प्रोजेक्टरमध्ये घालायचीच नाहीत. आणि हवाबंद डब्यात कोंडून ठेवू नका, वाफ आतच राहून आणखी वाट लागते.

व्ह्यूअरवरच तिसरं रीळ बघितलं. कोडॅक्रोम, म्हणजे कोडॅकची रंगीत फिल्म, ५० फूट, जेमतेम चार मिनिटं. रंग असे की काल काढलंय वाटावं, याउलट नंतर घेतलेली एका कार्टूनच्या फिल्मची रंगीत प्रिंट पूर्ण लालभडक पडलेली. या तिसऱ्या रिळात एक अंगण, तुळशीवृंदावन, नऊवारीतली एक आजी सुपात काहीतरी पाखडतीये. कॅमेरा दिसला तशी तिने पदर ओढला, पाठ फिरवली, आणि पाखडत राहिली. मग एक मुलगा मोठ्या माणसाच्या सायकलवर, दांड्याखालून पाय घालून. शेवटी अंगणात कॅमेरावाल्याची स्वतःची लांब सावली, डोक्यावर टोपी. मी हे वीसेक वेळा तरी बघितलंय.

डब्यावर आडनाव आणि पेठ होती. शोधत गेलो, नातवापर्यंत पोचलो. त्यानेच रद्दीत दिलं होतं. "तुम्हीच ठेवा, आमच्याकडे जागा नाही," म्हणाला, चहासुद्धा विचारला नाही. मी सायकलवरचा मुलगा कोण असेल हे विचारायचं विसरलो.

भिंतीवर लावून मोबाईलने शूट करायच्या फंदात पडू नका, प्रोजेक्टरच्या उजेडाचं झपकणं आणि फोनचे सेकंदाला ३० फ्रेम जमत नाहीत, काळे पट्टे येतात. फ्रेम-बाय-फ्रेम स्कॅनच करायला हवा, तो महाग आहे, मी फक्त तिसरं रीळ दिलंय.

आता पावसाळा तोंडावर. माळ्यावरची रिळं खाली आणून कपाटात मधल्या कप्प्यात ठेवलीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, बायकोच्या पैठण्यांच्या शेजारी. तिला अजून वासाची दोन रिळं कुठे ठेवलीत ते सांगितलेलं नाही.