१.ई४ समोर काय खेळावं: फ्रेंच की कारो-कान?

१.ई४ म्हणजे पांढऱ्याने राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे नेणं; फ्रेंच (१...ई६) आणि कारो-कान (१...सी६) ही त्यावरची काळ्याची दोन उत्तरं. दोन्ही बचावांत काळ्याला दुसऱ्या खेळीला डी५ रेटायचं असतं. फ्रेंचमध्ये त्याला ई६ चा आधार, कारो-कानमध्ये सी६ चा. खरा प्रश्न सी८ वरच्या उंटाचा. ई६ खेळताच त्याची वाट बंद होते, सी६ खेळल्यावर ती मोकळी राहते.

पांढऱ्याने २.डी४ नंतर ३.ई५ ढकललं की कारो-कानवाला उंट एफ५ वर काढतो आणि नंतर ई६ खेळतो. पण ४.एच४ आल्यावर आपण सवयीने ई६ खेळलो, तर ५.जी४ उंट ई४ ६.एफ३ उंट जी६ ७.एच५ आणि उंट अडकला! आधी एच५ किंवा एच६ हवं.

फ्रेंचमध्ये त्याच ३.ई५ वर एका दमात सी५ खेळता येतं. कारो-कानमध्ये त्या प्याद्याला दोन खेळ्या लागतात. पुढे ४.सी३ घोडा सी६ ५.घोडा एफ३ वजीर बी६, म्हणजे डी४ वर तिहेरी दाब. इथे मोह नडतो. ६.उंट डी३ वर ‘सी’च्या प्याद्याने डी४ मारलं, पांढऱ्याने ‘सी’च्याच प्याद्याने परत घेतलं, की ते प्यादं फुकट दिसतं. घोड्याने घेतलंत तर घोडे कटतात, तुमचा वजीर डी४ वर येतो आणि उंट बी५ चा शह बसून वजीर जातो. म्हणून आधी उंट डी७.

‘कारो-कान म्हणजे सुरक्षित’ हे अर्धसत्य आहे. ११ मे १९९७ ला न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाविरुद्धच्या सहाव्या डावात तेव्हाचा विश्वविजेता कास्पारोव्ह याच बचावात १९ खेळ्यांत हरला: त्याच्या ७...एच६ वर (तीन टिंबं म्हणजे काळ्याची खेळी) ८.घोड्याने ई६ मारलं आणि राजा उघडा पडला. ७...उंट डी६ आधी खेळायला हवं होतं. त्याच फाट्यात (३.घोडा सी३, प्याद्याने ई४ मारलं, ४.घोड्याने परत घेतलं) ४...घोडा डी७ वर ५.वजीर ई२ आला आणि तुम्ही जी८ चा घोडा एफ६ वर काढलात, तर घोडा डी६ मात! ई७ चं प्यादं वजिरामुळे जखडलेलं असतं.

तयारीला वेळ कमी असेल तर कारो-कानच घ्या. फ्रेंचमध्ये ३.घोडा सी३, ३.घोडा डी२ आणि ३.ई५ यांची तयारी वेगवेगळी करावी लागते, आणि विनावरमध्ये (३.घोडा सी३ उंट बी४) ७.वजीर जी४ नंतरच्या खेळ्या पाठ नसतील तर पटावर बसून शोधणं अवघड. कोंडलेला उंट सोसून डी४ वर तुटून पडायला आवडत असेल, तर मात्र फ्रेंचच.

शेवटच्या फेरीत जिंकायलाच हवं असेल तर एक्स्चेंज फाटा (३.ई४ च्या प्याद्याने डी५ मारणं) लक्षात ठेवा. फ्रेंचमध्ये प्यादी दोन्हीकडे सारखी होतात आणि बरोबरी हवी असलेल्याचं फावतं. कारो-कानमध्ये काळ्याला सी-फाइल (सी ची उभी रांग) अर्धी उघडी मिळते, म्हणजे तिथे त्याचं स्वतःचं प्यादं नसतं. बी५-बी४ रेटून खेळायला काहीतरी उरतं.